एका दिवसात इटली, पिरंगुटमार्गे

पीएचडीला नाव घातल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न माझ्या संशोधनाबद्दलचा नाही. तो असा आहे: "तू मुळशीची ना? मग सांग, लवासा एका दिवसात होतं का?"

होतं. पुण्यातून सकाळी निघालात तर आरामात होतं. विचारणाऱ्यांना मी रस्ता सांगते, नाश्ता कुठे करायचा तेही सांगते, आणि मग हळूच एक अट घालते. परत येताना मुळशी धरणावरून यायचं. बहुतेक जण "बघू" म्हणतात आणि जात नाहीत. म्हणून आज बेत आणि त्यामागचा इतिहास असं दोन्ही एकत्र लिहून टाकतेय. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हाच लेख पाठवेन.

ज्यांनी माझं आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी एमएस्सी भूशास्त्रात केलं, त्यातही भूजल हा माझा आवडीचा विषय. आता पीएचडीसाठी मुळा आणि मुठा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत गेल्या शंभरेक वर्षांत वस्त्या आणि पाणी यांचं नातं कसं बदललं, ते बघतेय. म्हणजे काम अर्धं झरे-विहिरी मोजण्याचं आणि अर्धं जुनी कागदपत्रं चाळण्याचं. दोन्हीकडच्या लोकांना मी त्यांच्यातली वाटत नाही, पण ते असो.

आधी वेळापत्रक

सकाळी साडेसहाला कोथरूड सोडा. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट. नाश्ता पिरंगुटलाच उरका आणि गाडीची टाकीही तिथेच भरून घ्या, कारण पुढे भरवसा नाही. पिरंगुटहून डावीकडे वळायचं. उरवडे, मुठा आणि मग तेमघर धरण. तिथून घाट चढला की पलीकडे दासवे. लवासा, लवासा म्हणतात ते मुख्यतः दासवेच. पुण्यापासून अंतर साठ किलोमीटरच्या आतबाहेर आहे. वाटेत थांबत गेलात तरी साडेनऊपर्यंत पोचता.

दासव्यात तीन तास पुरतात. तळ्याकाठचा रस्ता, रंगीत इमारती, मागची टेकडी. जेवण तिथे करा किंवा डबा न्या. साडेबाराला निघून पुन्हा पिरंगुट, तिथून पौड आणि पुढे मुळशी धरण. चारच्या सुमारास जलाशय बघा, चहा घ्या, सातपर्यंत घरी.

या बेतात तुम्ही तीन नद्यांच्या खोऱ्यांतून जाता. तेमघरपर्यंत मुठेचं खोरं, घाट ओलांडला की मोसेचं, आणि दुपारी मुळेचं. मोसे पुढे मुठेला मिळते, आणि मुळा-मुठा पुण्यात संगमावर भेटतात. पुण्याच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं हे एका दिवसात डोळ्यांनी बघायचं असेल तर यापेक्षा सोपा रस्ता मला माहीत नाही.

इटली म्हणजे नक्की कुठली?

लवासाची जाहिरात "इटलीसारखं डोंगरावरचं शहर" अशी झाली. ज्या गावाचा नमुना समोर ठेवला होता ते म्हणजे पोर्टोफिनो. तळ्याकाठच्या रस्त्याला नावही तेच दिलेलं आहे.

गंमत अशी की पोर्टोफिनो हे डोंगरावरचं गाव नाहीच. ते इटलीच्या वायव्येला, लिगुरिया प्रांतात, समुद्राच्या एका छोट्याशा खाडीत वसलेलं कोळ्यांचं बंदर आहे. चिंचोळी, उंच, एकमेकांना चिकटलेली घरं, आणि त्यांना पिवळा, गेरू, गुलाबी असे रंग. त्या भागात भिंतींवर खोट्या खिडक्या रंगवायची जुनी पद्धत आहे. लांबून खिडकी दिसते, जवळ गेलं की कळतं रंगच आहे. दासव्यात उभं राहून हे आठवलं की जरा हसू येतं.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. पोर्टोफिनोच्या मागे जो हिरवागार डोंगर फोटोत दिसतो, तो आपोआप हिरवा राहिलेला नाही. तिथे १९३५ सालीच संरक्षित उद्यान घोषित झालं आणि डोंगरावरच्या बांधकामावर बंधनं आली. म्हणजे पोर्टोफिनोचं जे चित्र जगभर विकलं जातं, त्यात गावाइतकाच वाटा त्या न बांधलेल्या उताराचा आहे. आपण नक्कल करताना घरांचे रंग उचलले. डोंगर मात्र कापले.

खरी डोंगरावरची गावं

इटलीत खरोखर डोंगरावर वसलेली गावं बघायची तर मध्य इटलीत जावं लागतं: सिएना, ऑर्व्हिएतो, चिव्हिता दि बान्योरेज्यो. मी यातलं एकही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, हे आधीच सांगते. पण भूजलाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही ही गावं पाठ असतात, कारण त्यांचा सगळा इतिहास पाण्याचा आहे.

डोंगरमाथ्यावर राहायचं कारण सरळ होतं. शत्रू लांबून दिसतो आणि खालच्या दलदलीतला हिवताप टळतो. किंमत एकच, वर पाणी नाही. सिएनाने त्यासाठी शहराच्या खालून बोगदे खणले. आजही ते सुमारे २५ किलोमीटर भरतात. आजूबाजूच्या टेकड्यांत मुरलेलं पाणी थेंबाथेंबाने झिरपत त्या बोगद्यांतून शहरातल्या हौदांत येतं.

ऑर्व्हिएतो तर आपल्यासारखंच ज्वालामुखीच्या खडकावर उभं आहे. फरक एवढाच की तो खडक राखेचा, मऊ, आणि आपला बेसाल्ट कठीण. १५२७ साली रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून ऑर्व्हिएतोला आला. वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्याने तिथे विहीर खणायला घेतली. पन्नास मीटरहून जास्त खोल आणि आत दोन गोल जिने, एकमेकांत गुंफलेले पण कुठेही न भेटणारे. एका जिन्याने खेचरं उतरायची, पाणी भरून दुसऱ्याने वर यायची, वाटेत खोळंबा नाही. दहाएक वर्षं काम चाललं. पोप तोवर वारलाही होता.

आणि चिव्हिता? तिचं टेकाड चिकणमातीवर उभं आहे आणि ते दरवर्षी थोडं थोडं ढासळतं. कायम राहणारी माणसं मोजकीच उरली आहेत. एक लांब पादचारी पूल ओलांडून दिवसाचे पर्यटक येतात, तिकीट काढतात, फोटो काढतात, संध्याकाळी परत जातात. दासव्यात संध्याकाळ झाली की मला हटकून चिव्हिता आठवते.

पण इटलीला जायची गरज काय? डोंगरावर वस्ती करून पाणी राखायची विद्या आपल्याकडेही होती. लोणावळ्याच्या दक्षिणेला कोराईगड आहे. माथ्यावर दोन मोठी तळी आणि खडकात कोरलेली टाकी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या मजकुरात, गड बांधण्याआधी पाणी पाहावं असं बजावलं आहे. पाणी नसेल आणि जागा महत्त्वाचीच असेल तर खडक फोडून टाकी करावीत. त्यापुढचा सल्ला मला फार आवडतो. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात, तेव्हा साठ्याचं पाणी वेगळं ठेवावं. तोफांमुळे झरे खरंच आटतात का, हा वेगळा वाद आहे. पण झऱ्यावर विसंबू नका, हे सह्याद्रीतल्या कुठल्याही बाईने आजही सांगितलं असतं.

एवढा पाऊस, तरी टंचाई

इथे थोडं विज्ञान, दोनच परिच्छेद.

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तुम्ही घाटमाथ्याकडे जाल तसा तो वाढत जातो आणि मुळशी-ताम्हिणीच्या पट्ट्यात काही हजार मिलिमीटरवर पोचतो. तरीही याच पट्ट्यातल्या वाड्यांना मार्च-एप्रिलमध्ये हंडा घेऊन चालावं लागतं. पाहुण्यांना हे पटत नाही.

कारण खडकात आहे. आपला बेसाल्ट थरांवर थर असा रचलेला आहे. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. खालचा थर घट्ट असला की ते आडवं वाहतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा म्हणून बाहेर पडतं. उतार तीव्र, माती पातळ, म्हणून साठा लहान. पावसाळ्यात झरा धो धो वाहतो, दिवाळीपर्यंत बरा चालतो, होळीनंतर दम तोडतो. डोंगर कापून रस्ता किंवा इमारत केली की वरचा मुरणारा थरच जातो, किंवा झऱ्याची वाट तुटते. म्हणून घाट चढताना रस्त्याच्या कडेची कापलेली भिंत जरूर बघा. काळे थर, मधून एखादा लालसर पट्टा, आणि पावसाळ्यानंतर त्या पट्ट्याच्या वरून पाझरणारं पाणी. माझ्या प्रबंधाचा एक अख्खा विभाग त्या ओल्या रेषेवर आहे.

दासव्यात पोचल्यावर

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी आजीला घेऊन दासव्याला गेले होते. आजीचं माहेर मोसे खोऱ्यातलं. वरसगाव धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं आणि तिचे भाऊ दौंडकडे गेले. तिकडे उसाची जमीन मिळाली, पण भाताची सवय असलेल्या माणसांना ती जमेपर्यंत एक पिढी गेली. आमच्या घरात कुणी "लवासा" म्हणत नाही. "मोसं खोरं" म्हणतात. लवासा हे नाव तसंही कंपनीने घडवलेलं. त्याला मराठीत अर्थ नाही आणि इटालियनमध्येही नाही.

मला वाटलं होतं, तिला वाईट वाटेल. ती तळ्याकाठच्या बाकावर बसली, रंगीत इमारतींकडे बघितलं, शेंगदाणे खाल्ले आणि विचारलं, "काय गं, एवढी घरं बांधल्यात, ह्यांना प्यायला पाणी कुठनं?"

समोर अख्खं तळं होतं, म्हणून मी जरा हसले. मग लक्षात आलं की चार वर्षं मी जो प्रश्न इंग्रजीत, तीन ओळींत लिहायचा प्रयत्न करत होते, तो हाच आहे.

उत्तर सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

वरसगाव हे मोसे नदीवरचं धरण. जलाशयाचं नाव वीर बाजी पासलकर, शिवकाळातले मोसे खोऱ्याचे देशमुख. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि तेमघर ही चार धरणं मिळून पुण्याला आणि खालच्या कालव्यांना पाणी देतात. चारही मिळून साठा साधारण २९ टीएमसी. त्यात वरसगाव सगळ्यात मोठं, जवळपास १२.८ टीएमसी. म्हणजे मोसे खोऱ्यातल्या लोकांनी गाव सोडलं ते या पाण्यासाठी, आणि हे पाणी आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेलं होतं.

१९९६ साली राज्य सरकारने खासगी गुंतवणुकीतून थंड हवेची ठिकाणं उभारण्यासाठी एक नियमावली आणली. माथेरान, महाबळेश्वर ही इंग्रजांनी वसवलेली. आता आपलीही नवी असावीत, असा त्यामागचा विचार. २००१ साली वरसगाव जलाशयाच्या भोवतालच्या १८ गावांचा परिसर या नियमाखाली घोषित झाला. दासवे, मुगाव, धामणओहोळ ही त्यातलीच. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या समूहाने तिथे शहर उभारायला घेतलं. आराखडा अमेरिकेतल्या एका मोठ्या वास्तुरचना संस्थेचा होता आणि त्याला २००५ मध्ये नव्या नगररचनेच्या चळवळीचा पुरस्कारही मिळाला. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळेच "मूर्खपणा होता" म्हणायला लागले. कागदावर तो मूर्खपणा नव्हता. चालत जाता येईल असे रस्ते, मधोमध चौक, घर आणि दुकान जवळजवळ. पुण्याच्या आसपास जे वेडंवाकडं वाढतंय त्यापेक्षा चांगलंच.

पाण्यासाठी कंपनीने जलाशयाच्या वरच्या अंगाला स्वतःचे बंधारे घालायची परवानगी मिळवली. दासव्याचं तळं अशाच एका बांधाने अडवलेलं आहे. म्हणजे तुम्ही ज्या पाण्याकडे बघत कॉफी पिता, ते पुण्याकडे निघालेल्या पाण्यातून वाटेत थांबवलेलं आहे. आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे. शहर काही लाख लोकांसाठी आखलं होतं. ते पूर्ण झालं असतं तर वरच्या शहराची तहान आणि खालच्या शहराची तहान एकाच खोऱ्यात समोरासमोर आली असती.

तसं व्हायची वेळ आली नाही. जमिनी कशा घेतल्या यावर स्थानिकांनी आणि चळवळीतल्या लोकांनी आक्षेप घेतले. कातकरी आणि धनगर कुटुंबांचे प्रश्न पुढे आले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावून काम थांबवलं. मुद्दा असा होता की १९९४ च्या अधिसूचनेप्रमाणे समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वरच्या पर्यटन प्रकल्पांना केंद्राची मंजुरी लागते. इथे परवानगी राज्याची होती, केंद्राची नव्हती. "आमचा फार थोडा भाग १००० मीटरच्या वर आहे" असं कंपनीचं म्हणणं. उंचीची एक रेषा नकाशावर कुठे काढायची यावर अब्जावधी रुपये अडकले होते. समोच्च रेषा शिकवताना मी विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देते, मग कुणी जांभया देत नाही.

वर्षभराने अटींसह पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली, पण तोवर चाक रुतलं होतं. कर्ज वाढत गेलं. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. २०२३ मध्ये एका नव्या कंपनीची १८१४ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, तीही पुढे रखडली.

आज तुम्ही जाल तेव्हा काही इमारती राहत्या आणि टापटीप दिसतील, काहींचा रंग उडालेला, काहींचे नुसते सांगाडे. कृपया त्याला "भुताचं शहर" म्हणून व्हिडिओ काढू नका. तिथे लोक राहतात. ज्यांनी आयुष्याची कमाई घालून घर घेतलं आणि ताबा मिळाला नाही, तेही आहेत. आणि ज्यांनी जमीन विकली, मग तिथेच सुरक्षारक्षक किंवा सफाईची नोकरी धरली, मग तीही गेली, अशी आसपासच्या वाड्यांतली पोरं आहेत. त्यातली काही माझ्या वयाची आहेत. सर्वेक्षणाला जाते तेव्हा तीच मला झरे दाखवतात.

परतीच्या वाटेवर

आता माझी अट. पिरंगुटला परत आल्यावर घरची वाट धरू नका, पौडकडे वळा. पुढे तासाभरात मुळशीचा जलाशय दिसतो. धरणाच्या भिंतीवर जाता येत नाही, पण रस्त्यावरून पाणी छान दिसतं.

हे पाणी पुण्याला येत नाही. मुळा नदी खरी पूर्वेला वाहणारी. तिचं पाणी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. इथे ते अडवून घाटाखाली पश्चिमेला, कोकणात भिऱ्याला सोडलं जातं. तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. भिऱ्याचं वीजगृह १९२७ साली सुरू झालं. वीज करून झाली की तेच पाणी कुंडलिकेत उतरतं. कोलाडला राफ्टिंग करून आला असाल, तर तुमची होडी मुळशीच्या पाण्यावर तरंगली होती.

हे धरण होऊ नये म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ अशी तीन वर्षं सत्याग्रह केला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला सुरुवात झाली. पांडुरंग महादेव बापट इथेच "सेनापती" झाले. विनायकराव भुस्कुटे हे दुसरं मोठं नाव. घोषणा होती, "जान किंवा जमीन". पन्नासेक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं धरणाच्या पट्ट्यात येत होती. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे आणि त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.

व्होरांच्या मांडणीतली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही. बुडणाऱ्या जमिनीतली बरीच पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती. कसणारा मावळा आणि कागदावरचा मालक वेगळे. मालकाला मोबदल्याचा भाव महत्त्वाचा होता, कसणाऱ्याला जमीन. भाव ठरायला लागला तशी एकी सैल होत गेली. लढा मोडला, धरण झालं.

मोसे खोऱ्यातल्या जुन्या खरेदीखतांबद्दल लोक बोलतात तेव्हा मला हेच आठवतं. सात-बारावर नाव एकाचं, कसतं दुसरंच कुणीतरी, सही भलत्याचीच. मध्ये ऐंशी वर्षं गेली, नदी बदलली, सरकार बदललं. तरी जमिनीचा व्यवहार सुरू झाला की कसणारा आणि झऱ्यावर पाणी भरणारी सगळ्यात शेवटी विचारात येतात.

म्हणून मी मुळशीची अट घालते. दासवे एकटं पाहिलं तर ते एका कंपनीचं फसलेलं स्वप्न वाटतं. इटलीची हौस, कर्ज, संपलं. दोन्ही एका दिवशी पाहिलं की कळतं, या तालुक्यातलं पाणी शंभर वर्षांपासून दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचं ठरलेलं आहे. मुळेचं मुंबईच्या गिरण्यांच्या आणि गाड्यांच्या विजेसाठी, मुठा-मोसेचं पुण्याच्या नळांसाठी. सिएनाने आपल्या टेकडीचं पाणी आपल्या हौदात आणलं. कोराईगडावर माथ्याचं पाणी माथ्यावर राहिलं. आमच्याकडे डोंगर आमचे, उतार आमचे, आणि साठा खालच्यांचा. लवासाने त्यात आणखी एक वाटेकरी बसवायचा प्रयत्न केला. मूळ वाटेकऱ्यांना तेव्हाही कुणी विचारलं नाही.

मी पुण्यात राहते, वरसगावचंच पाणी पिते. त्यामुळे हे लिहिताना बोट स्वतःकडेही आहे.

कधी जावं, कधी जाऊ नये

सगळे पावसाळ्यात जातात. मी सांगेन, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. जुलै २०२४ मध्ये दरड कोसळून लवासातले बंगले ढिगाऱ्याखाली गेले होते. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी हा बेत रद्द करा, रजा फुकट गेली तरी चालेल. कापलेले उतार आणि चार दिवस लागून राहिलेला पाऊस, यांचं काय होतं हे मला वर्गात शिकवलेलं आहे.

ऑक्टोबरचा शेवट सगळ्यात चांगला. झरे चालू असतात, आकाश स्वच्छ असतं, वाटेतल्या खाचरांत भात कापणीला आलेला असतो. जमलं तर एकदा एप्रिलमध्येही जा. उन्हाने जीव जाईल, पण जलाशय उतरलेला असतो आणि एरवी पाण्याखाली असलेले जुने बांध, कुठे जोती, कुठे पाऊलवाट दिसते. आजीला मी अजून एप्रिलमध्ये नेलेलं नाही.

सोबत घ्यायच्या गोष्टी: पाणी (हो, पाणीच), टोपी, थोडी रोकड, आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, घाटात रेंज जाते. वाहनांच्या प्रवेशाचे नियम आणि शुल्क बदलत असतात, दारावर विचारून घ्या. वाटेतल्या वाडीत कुणाच्या अंगणात थांबलात तर पाणी मागण्याआधी महिना कुठला आहे ते आठवा. नाही कुणी म्हणणार नाही. पण एप्रिल असेल, तर तो तांब्या कुणीतरी लांबून आणलेला असतो.

आणि दासव्यातल्या त्या बाकावर बसलात, तर समोरच्या तळ्याकडे बघून सोबतच्यांना आजीचा प्रश्न विचारा. बहुतेक जण तळ्याकडेच बोट दाखवतील. मीही तेच केलं होतं.